बाबांची लेन्स आणि एकाच सेन्सरचे दोन कॅमेरे

आईचा तांदूळ निवडतानाचा फोटो पाहिला की लोक हमखास विचारतात, "कुठल्या कॅमेऱ्याने काढलात?" लेन्स बाबांच्या झेनिटची, म्हणजे जुन्या सोव्हिएत फिल्म कॅमेऱ्याची आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आमच्याकडेही झेनिट पडून आहे. त्याची लेन्स मिररलेसवर चालेल? मग फुजीचा एक्स-टी३० घेऊ की एक्स-एस१०?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

लेन्स चालते. झेनिटवरची हेलिओस ४४-२ आटे फिरवून बसवायची, एम४२ माउंटची (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते तो भाग). झेनिटमध्ये लेन्सच्या मागे असलेल्या आरशाला हलायला जागा हवी म्हणून ती फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसते. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे फुजीच्या एक्स माउंटपासून सेन्सर (फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग) अवघ्या १७.७ मिलिमीटरवर असतो. मधलं २७.७६ मिलिमीटरचं अंतर भरून काढणारी धातूची पोकळ नळी म्हणजे अ‍ॅडॅप्टर. आत ना काच, ना तारा.

पण नळी मापात हवी. माझा पहिला, स्वस्तातला अ‍ॅडॅप्टर किंचित लांब निघाला. सिंहगडावरून तोरणा काढायला गेले, फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवली, तरी तोरणा धूसर तो धूसरच. मला वाटलं, बाबांची लेन्सच बिघडली. फार वाईट वाटलं होतं. नळी दशांश मिलिमीटरने जरी जास्त भरली, तरी ५८ मिलिमीटरच्या या लेन्सवर तीस-पस्तीस मीटरच्या पलीकडचं स्पष्ट येत नाही. म्हणून अ‍ॅडॅप्टर घेताना दुकानातच दूरची इमारत फोकस करून बघा.

आता कॅमेरा. दोन्हींत तोच २६.१ मेगापिक्सेलचा सेन्सर, तोच प्रोसेसर. ऑटोफोकसच्या लेन्सने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशातला, हे मलाही ओळखता येणार नाही. एक्स-टी३० हलका, ३८३ ग्रॅमचा, वर शटर स्पीडची वेगळी डायल. एक्स-एस१० ४६५ ग्रॅमचा, पण पकड खोल आणि हात हलला तरी सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा आतच. जुनी लेन्स लावायची असेल तर माझं मत ठाम आहे: एक्स-एस१०.

कारण जुन्या लेन्सने फोटो काढणं म्हणजे फोकस डोळ्यांनी शोधणं. आई खिडकीशी ताट घेऊन बसली होती. मी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ/२ वर, म्हणजे पूर्ण उघडलं, व्ह्यूफाइंडरमध्ये तिचा डोळा मोठा करून घेतला आणि रिंग सावकाश फिरवत गेले. फोकस पीकिंगची, म्हणजे स्पष्ट आलेला भाग दाखवणारी लाल कड आधी चष्म्याच्या काडीवर आली, मग भुवईवर, मग पापणीवर. तिथे थांबले. चित्र इतकं मोठं केलं की हाताची बारीकशी थरथरही भूकंपासारखी दिसते. चित्र स्थिर राहिलं तरच पापणी नजरेत धरता येते. लोक ही सोय फक्त कमी उजेडासाठी समजतात. माझ्या लेखी तिचा खरा उपयोग फोटो काढण्याआधीच होतो. मात्र मेनूत लेन्सचं फोकल लेंग्थ ५८ भरायला विसरू नका, नाहीतर कॅमेऱ्याला किती सावरायचं ते कळत नाही. 'शूट विदाउट लेन्स' हेही चालू करा. ते बंद असेल तर बटण दाबूनही काही होत नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

हेलिओसची ती प्रसिद्ध भोवऱ्यासारखी फिरलेली पार्श्वभूमी हवी असेल, तर दोन्ही कॅमेरे थोडी निराशा करतील. ती गंमत चित्राच्या कडांना असते, आणि या दोघांतला फिल्मपेक्षा लहान, एपीएस-सी सेन्सर कडा कापून टाकतो. त्यासाठी फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या मापाचा सेन्सरच लागेल. कडा कापल्यामुळे माझी ५८ मिलिमीटरची लेन्स जवळजवळ ८७ची असल्यासारखी जवळचं दाखवते, चेहऱ्यांना ती फार शोभते, म्हणून माझी तक्रार नाही. धावणाऱ्या नातवंडांसाठी मात्र ऑटोफोकसची एक लेन्स वेगळी ठेवाच. आणि जुनी लेन्स लावायचीच नसेल, तर खुशाल हलका एक्स-टी३० घ्या.

पण खरेदीला निघण्याआधी एक करा. कपाटातली लेन्स काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. तशी दिसली तर आधी लेन्स साफ करणारा कारागीर गाठा. कॅमेरा महिन्याभराने घेतला तरी चालेल.