क्रियापदातला अपमान

मराठी मजकुरातले आक्षेपार्ह शब्द काढायला बसलं की सगळे आधी नामांच्या मागे लागतात. 'आंधळा' खोडा, 'दृष्टिहीन' लिहा. 'मोलकरीण' खोडा, 'घरकामगार' लिहा. हे करायलाच हवं. पण मराठीत निम्मा अपमान नामात नसतोच. तो प्रत्ययात असतो, सर्वनामात असतो, क्रियापदाच्या शेवटात असतो, आणि तिथे एका शब्दाच्या जागी दुसरा घालून भागत नाही.

एक छोटी बातमी घेऊ. उदाहरणासाठी रचलेली आहे, पण या घडणीची बातमी कुठल्याही दिवशी सापडेल: 'भरधाव मोटारीच्या धडकेत झाडूवाली ठार झाली. पहाटे ती रस्ता झाडत असताना उद्योजक अमुक यांच्या मोटारीने तिला उडवले. अमुक यांना किरकोळ दुखापत झाली असून त्यांच्यावर उपचार सुरू आहेत.'

कुणीही संपादक 'झाडूवाली'चं 'सफाई कामगार' करील आणि मजकूर पुढे पाठवील. आता उरलेलं बघा. उद्योजक 'यांच्या', 'यांना', 'त्यांच्यावर'. कामगार 'ती', 'तिला'. त्यांचं नाव आहे, तिचं नाही. ती 'ठार' होते. मोटारीतले गृहस्थ गेले असते तर त्यांचं 'अपघाती निधन' झालं असतं. शिवाय धडक दिली ती 'मोटारीने', चालवणारा वाक्यातून निसटलेला. एकही शब्द शिवी नाही, तरी कोणाचा जीव किती मोलाचा हे वाचणाऱ्याला नीट कळतं.

दुरुस्ती अशी करता येते. आधी नाव मिळवायचं. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये नसेल तर पालिकेच्या घनकचरा विभागाला किंवा मुकादमाला फोन करायचा. नाव मिळालं की 'सफाई कामगार अमुक यांचा मृत्यू झाला'. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना विचारायचं आणि तसं लिहायचं. ते ठरलेलं नसेल तर 'मोटार कोण चालवत होते, याचा तपास सुरू आहे' हे वाक्य घालायचं. नाव मिळालंच नाही तर 'एका सफाई कामगाराचा मृत्यू' हे चालतं, कारण मराठीत 'एक' लावला की एकवचन कोणालाच बोचत नाही. 'एका मंत्र्याने', 'एका डॉक्टरने' असं आपण सहज लिहितो. म्हणून नियम सोपा ठेवावा: नाव न घेता 'एक' असेल तर सगळ्यांना एकवचन, नाव घेतलं की सगळ्यांना आदरार्थी बहुवचन. सरसकट 'कामगारांनी' केलं तर दुसरीच अडचण येते, कारण माणूस एक की दहा हे कळत नाही. तिथे 'यांनी' नावाला जोडून लिहिलं की घोटाळा होत नाही.

आरोपींच्या बाबतीत ही शिस्त सगळ्यात लवकर मोडते. सोनसाखळी चोरल्याचा आरोप असलेला तरुण 'याने', आणि ठेवीदारांचे पैसे बुडवल्याचा आरोप असलेले संचालक 'यांनी'. दोघांवरही अजून फक्त आरोपच आहे. निकाल लागेपर्यंत दोघांना एकच प्रत्यय हवा.

अरे-तुरे मुळात वाईट नाही. आईला आपण 'तू' म्हणतो, विठोबाला 'तू' म्हणतो. टोचतं ते एकाच बाजूने चालणारं अरे-तुरे. पंचावन्न वर्षांच्या वॉचमनला विशीतल्या पोराने 'ए, गेट उघड' म्हणायचं आणि त्याने 'हो साहेब, उघडतो' म्हणायचं. सोसायटीच्या लिफ्टबाहेर 'कामवाल्या बाया व डिलिव्हरीवाले यांनी ही लिफ्ट वापरू नये' अशी पाटी असते. कुणी तक्रार केली की ती 'घरकामगार ताई व डिलिव्हरी पार्टनर यांनी कृपया मागील लिफ्ट वापरावी' अशी होते. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे, त्यामुळे 'घरकामगार' हा शब्द त्यांच्या हक्काचाच आहे. पण या पाटीवर तो लिफ्टबंदी झाकायच्या कामाला लावला आहे. अशा वेळी पाटीच काढावी.

अपंगत्वाच्या शब्दांत गोंधळ सगळ्यात जास्त, आणि तो चांगल्या हेतूने होतो. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. पुढे केंद्राच्या खात्याचं हिंदी नाव बदललं, महाराष्ट्रातही डिसेंबर 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. अपंगांच्या अनेक संघटनांनी मात्र या शब्दाला पहिल्यापासून विरोध केला: आम्हाला दैवी काही नको, रॅम्प हवा. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही 2019 मध्ये भारताबद्दलच्या निरीक्षणांत हा शब्द वादग्रस्त असल्याचं नोंदवलं. तेव्हा लिहिताना काय करायचं? योजना, खातं, प्रमाणपत्र, राखीव जागा यांचं अधिकृत नाव 'दिव्यांग' आहे, ते तसंच ठेवायचं. अर्ज भरणाऱ्याला तोच शब्द शोधावा लागतो. माणसाबद्दल लिहिताना मात्र नेमकं लिहायचं: अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेले. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, 1995 च्या कायद्यात सातच होते. सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. समोर माणूस असेल तर 'तुमच्याबद्दल काय लिहू?' हे विचारायला अर्धं मिनिट लागतं.

'मूकबधिर' टाळावा, त्याला कारण आहे. बहुतेक कर्णबधिरांच्या स्वरयंत्रात दोष नसतो. ऐकू न आल्याने बोलणं शिकता येत नाही इतकंच, आणि खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. 'मूक' म्हटलं की त्यांना बोलायचंच नाही असं होतं. 'व्हीलचेअरला खिळलेले' हेही उलटं आहे. व्हीलचेअरमुळेच माणूस घराबाहेर पडतो, खिळवून ठेवतात त्या पायऱ्या. आणि सूत्रसंचालकांना कळकळीची विनंती: साहित्यवाटपाच्या कार्यक्रमात 'नियतीने ज्यांच्यावर घाला घातला' ही सुरुवात कायमची सोडा. समोर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीला ते वाक्य ऐकू येत असतं. तिचं नाव, तिची इयत्ता आणि तिला कोणतं साधन मिळतंय, एवढं पुरतं. 'सामान्य मुलं' आणि 'विशेष मुलं' अशी जोडीही नको. डोळस मुलं आणि अंध मुलं, ऐकू येणारी आणि कर्णबधिर, अशी जोडी लावली की कोणी असामान्य ठरत नाही.

कुष्ठरोगाचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं आहे. 'महारोगी' गेला, 'कुष्ठरोगी' आला. पण बहुविध औषधोपचार 6 किंवा 12 महिन्यांत पूर्ण होतो, त्यानंतर तो माणूस रोगीच राहत नाही. टायफॉइड बरा झालेल्याला आपण जन्मभर 'टायफॉइडरोगी' म्हणत नाही. 'कुष्ठमुक्त' लिहा, किंवा आजाराचा संबंधच नसेल तर काहीच लिहू नका. फक्त बाबा आमट्यांच्या वरोऱ्याच्या संस्थेचं नाव 'महारोगी सेवा समिती' असंच आहे, 1949 पासूनचं. ते 'सुधारून' लिहू नये. संस्थांची नावं, जुनी कागदपत्रं, म्हणी आणि अवतरणं सरसकट बदलीतून आधी बाजूला काढावीत. नाहीतर 'दलित पँथर' या संघटनेचं 'अनुसूचित जाती पँथर' होतं आणि 1972 सालचा सगळा राग त्यातून निघून जातो.

जातीच्या शब्दांत मुख्य प्रश्न एकच: नाव कोणी ठेवलं? 'हरिजन' हे गांधीजींनी रूढ केलं, हेतू चांगला होता. पण ज्यांना ते नाव मिळालं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. जानेवारी 1938 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात एका विधेयकात तो शब्द आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. 1982 मध्ये केंद्राने जातीच्या दाखल्यांवर तो शब्द न वापरण्याची सूचना दिली. 'दलित' त्याउलट चळवळीने अभिमानाने घेतलेला शब्द. 2018 मध्ये नागपूर खंडपीठासमोरच्या याचिकेनंतर केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याने माध्यमांना तो टाळण्याचा सल्ला दिला, तेव्हा विरोध झाला तो दलित लेखक-कार्यकर्त्यांतूनच. 'अनुसूचित जाती' ही कायद्यातली वर्गवारी आहे. दाखला, आरक्षण, गुन्ह्याचं कलम इथे तीच लिहायची. चळवळ, साहित्य, अत्याचार यांबद्दल लिहिताना 'दलित' खोडायचं काहीही कारण नाही.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. याचं मोल पत्त्यात आहे. रेशनकार्ड किंवा नोकरीच्या अर्जावर जातीच्या नावाची वस्ती लिहावी लागणं म्हणजे तोंड उघडण्याआधीच जात सांगणं.

पण जात लपवणं हीसुद्धा भाषेची लबाडी असते. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत कारण म्हणून 'अनैतिक संबंध' फिरत राहिले, जात उशिरा आली. 'दोन गटांत वाद', 'विशिष्ट समाज', 'किरकोळ कारणावरून' हे तिन्ही शब्दप्रयोग दिसले की थांबावं. गुन्हा जातीवरून झाला असेल तर ते स्पष्ट लिहावं. उच्चारलेली शिवी मात्र छापू नये, 'जातिवाचक शिवीगाळ' पुरेसं आहे. आणि गुन्ह्याचा जातीशी संबंध नसेल तर जात गाळावी. 'पारधी टोळी जेरबंद' हा मथळा अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा वारसा आहे. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, मथळा गेला नाही. असा मथळा तपासायची एक पद्धत उपयोगी पडते: 'पारधी'च्या जागी स्वतःची जात घालून मोठ्याने वाचायचं.

'अनैतिक संबंधातून खून' हा प्रेसनोटमधून जसाच्या तसा उचलला जाणारा वाक्प्रचार आहे. व्यभिचार हा गुन्हा असल्याचं कलम सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केलं, पण बातमी अजून मेलेल्या बाईची नीती तपासते. 'विवाहबाह्य संबंधांच्या संशयावरून खून' लिहिलं की संशय मारणाऱ्याकडे राहतो. त्याहून वाईट 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने वार'. यात प्रेम कुठे आहे? 'नकार दिल्याने वार' लिहा. शब्द कमी लागतात आणि खरंही तेच आहे. 'अब्रू लुटली' तर कुठेच नको. अब्रू तिची गेलेली नसते. गुन्ह्याचं नाव बलात्कार आहे.

शेवटी लग्नपत्रिका, कारण ती घराघरात लिहिली जाते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2023 मध्ये, विधवांच्या नावापुढे 'गं. भा.' म्हणजे 'गंगा भागीरथी' लावण्याचा प्रस्ताव सरकारदरबारी चर्चेत आला आणि त्यावर मोठी टीका झाली. पत्रिकेत काय होतं ते पाहा. घरातली समजूतदार माणसं आत्याच्या नावापुढचं 'गं. भा.' काढून 'श्रीमती' घालतात. पण काकूंच्या आणि मामींच्या नावापुढे 'सौ.' तसंच राहतं, म्हणजे 'श्रीमती' पुन्हा तेच सांगतं. ते काढून नुसतं नाव ठेवलं तर ती मोकळी जागाही तेच सांगते. म्हणून प्रूफ आलं की निमंत्रकांच्या यादीतली सगळी 'सौ.' एकदमच खोडायची, आधी काकूंना आणि मामींना विचारून. यादी वयाच्या क्रमाने लावायची, नाहीतर आत्याचं नाव जोड्यांच्या खाली शेवटी जातं. आणि छापखान्यात फोन करून सांगायचं, कारण तयार नमुन्यात 'सौ.' आधीच टाइप केलेलं असतं आणि दुसऱ्या प्रूफमध्ये ते परत येतं.