पडौकचा केशरी रंग आणि त्याचा भुसा

ताईच्या देवघरासाठी एक डबा केला होता, बाजू पडौक नावाच्या लाकडाच्या आणि मध्ये मेपल या फिकट लाकडाची पांढरी पट्टी. रंधा मारल्यावर पडौक असा काही केशरी-लाल निघतो की बघतच राहावं. ताई पण जाम खूश. दीड वर्षानं तिच्याकडे गेलो तर डबा चक्क चॉकलेटी झालेला, कारण देवघर खिडकीसमोर आणि सकाळचं ऊन थेट त्यावर.

खरं तर हे आपल्याला माहीत असायला हवं. फणसाचं लाकूड चिरलं की हळदीसारखं पिवळं असतं आणि कोकणातल्या जुन्या घरांतले फणसाचे खांब बघा, सगळे तपकिरी. पर्पलहार्ट नावाचं लाकूड तर अजून वेगळं, कापल्या कापल्या मळकट तपकिरी दिसतं, काही दिवस हवा-उजेड लागला की जांभळं होतं आणि पुढं काही वर्षांत परत तपकिरीकडे जातं. उन्हातले यूव्ही (अतिनील) किरण रोखणारं फिनिश लावलं तर हे हळू होतं, थांबत नाही.

म्हणून आता मी लाकूड निवडताना लाल-पिवळा-जांभळा असं बघतच नाही, गडद-फिकं बघतो. पडौक तपकिरी झाला, मेपल थोडा पिवळसर पडला तरी दोघांतला फरक राहतो, पण पडौकशेजारी पर्पलहार्ट लावलात तर काही वर्षांनी दोन तपकिरी फळ्या उरतील. आणि हो, पडौक-मेपल एकत्र घासू नका, लाल भुसा मेपलच्या छिद्रांत बसतो. स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश बोळ्यानं चोळलंत तरी तेच, पडौकचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि पांढऱ्या पट्टीवर ओघळतो. पहिला हात स्प्रेनं द्या.

आता भुसा. हे मला रंगापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. लाकडाची धूळ, मग ती कुठल्याही लाकडाची असो, कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं हे १९९५ मध्येच छापलंय. त्यात कोकोबोलोसारखी शिसवाच्या जातीची लाकडं म्हणजे बिब्बा उततो ना, तशी अंगावर उततात. पहिल्या दोन-चार वेळा काहीच होत नाही, म्हणून माणूस बिनधास्त होतो, आणि मग एक दिवस हात-मानेवर पुरळ, कुणाला दमा, आणि एकदा अंगाला लागलं की पुढं थोड्या भुशानंही होतं. खाली पडलेला भुसा झाडता येतो, हवेत तरंगणारी बारीक धूळ दिसतही नाही आणि तीच फुप्फुसात जाते. आपल्याकडे सुतारकाका रुमाल बांधून दिवसभर सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, चालवतात, बघून जीव तुटतो, कारण रुमालातून ती आरपार जाते. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि सँडरला व्हॅक्यूमचा पाइप, एवढं तरी हवंच, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि काम झाल्यावर अंघोळ.

सध्या गॅलरीच्या खिडकीत अंदमान पडौक, फणस आणि पर्पलहार्टचे तुकडे ठेवलेत, प्रत्येकाचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून, मागं तारीख लिहून. ताईला नवा डबा हवाय, यावेळी हे तुकडे तिला दाखवूनच लाकूड आणणार.