खुब्याचे हाड मोडते तेव्हा
पलंगावरून उठताना आई घसरली आणि तिचा एक पाय किंचित आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तेव्हाच आम्हाला शंका आली. खुब्याच्या सांध्यातील मांडीच्या हाडाची मान (हाडाच्या गोल डोक्याखालचा अरुंद भाग) मोडून सरकली, तर त्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून वृद्धांमध्ये हाड जुळवण्यापेक्षा कृत्रिम सांधा बसवणे बहुधा पसंत केले जाते. 'या वयात शस्त्रक्रिया कशाला?' असे अनेकांनी विचारले (विचारणाऱ्यांना शुश्रूषा करायची नसते), परंतु अंथरुणावर खिळून राहिल्यास न्यूमोनिया, शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, त्यामुळे प्रकृती साथ देत असल्यास २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया करणे हिताचे असते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी आई वॉकर धरून चार पावले चालली. हाडांच्या ठिसूळपणावरील उपचारांबद्दल मात्र आम्हालाच आठवणीने विचारावे लागले.