ट्रेलरवरचा सौर संच : नोंद सहावी, टॅक्स क्रेडिटची

नॉर्थ कॅरोलिनातील आमच्या राहण्याच्या पंचवीस फुटी ट्रेलरवर सौर संच बसवण्याचे काम 14 डिसेंबर 2025 रोजी, रविवारी संध्याकाळी पूर्ण झाले. तारीख मुद्दाम लिहितो आहे. घरगुती सौर संचावरचे 30 टक्क्यांचे फेडरल टॅक्स क्रेडिट, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या करात खर्चाच्या तेवढ्या हिश्शाची सूट, मूळ तरतुदीप्रमाणे 2032 पर्यंत याच दराने मिळणार होते. परंतु जुलै 2025 मधील कायद्याने ते 31 डिसेंबर 2025 नंतरच्या खर्चासाठी बंद केले, आणि खर्च झाला असे मानतात ते पैसे भरल्याच्या दिवशी नव्हे, तर जोडणी पूर्ण झाल्याच्या दिवशी. सामान ऑक्टोबरमध्ये घेऊन जानेवारीत बसवले असते, तर हाती काहीच लागले नसते.

त्या रविवारी थंडी इतकी होती की केबल जेथून आत जाते त्या भोकाभोवतीचे सीलंट नळीतून बाहेरच येईना. शेवटी नळी गरम पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटे ठेवली, तेव्हा ते नीट पसरले. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला. छताला आतून हात लावून पाहिला, कोरडे होते.

ट्रेलरला घर म्हणता येते का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. हे क्रेडिट मागण्याच्या अर्जाच्या, म्हणजे फॉर्म 5695 च्या, सूचनांत घराच्या व्याख्येत हाउसबोट आणि मोबाइल होम येतात. आयआरएसच्या (अमेरिकी कर खात्याच्या) प्रकाशन 936 मध्ये, गृहकर्जाच्या व्याजासंदर्भात का होईना, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेला ट्रेलर घर धरला आहे. सौर संचासाठी ते मुख्य घर असण्याचीही अट नव्हती. मात्र ते अमेरिकेत असावे आणि आपण स्वतः तेथे राहत असावे, ही अट होती. शौचालय नसलेल्या व्हॅनवर असा दावा करायला मी तरी धजावलो नसतो.

खरा पेच बॅटरीचा होता. क्रेडिटसाठी तिची क्षमता किमान 3 किलोवॅट-तास असावी लागत होती. माझ्या पहिल्या आराखड्यात 12.8 व्होल्टच्या, 100 अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या होत्या; त्यांची बेरीज 2.56 किलोवॅट-तास, म्हणजे अपुरीच. म्हणून त्याच व्होल्टची, 300 अँपिअर-तासांची एकच बॅटरी घेतली, तिची क्षमता 3.84 भरते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास हा गुणाकार खरेदीपूर्वी केला, हे बरे झाले. वापरलेल्या जुन्या साहित्यावर क्रेडिट मिळत नव्हते, हेही लक्षात ठेवावे लागले.

या आठवड्यात फॉर्म भरला. दोनशे वॅटची चार पॅनेल, त्यांचे स्टँड, कंट्रोलर, तारा, फ्यूज आणि सीलंट मिळून 1,400 डॉलर. बॅटरीचे 1,050, आणि ते वेगळ्या ओळीत. एकूण 2,450 वर 735 डॉलर होतात. छतावरचा नवा पंखा त्याच दिवशी बसवला असला तरी तो धरला नाही, कारण वीज तयार करण्याशी त्याचा संबंध नाही. स्वतःच्या श्रमाचा मोबदलाही धरता येत नाही; कारागिराला पैसे दिले असते तर ती मजुरी धरता आली असती. ही रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही, थेट करातून कमी होते. परंतु कर देय नसेल तर रोख हाती येत नाही.

पावत्या आणि बॅटरीवरील लेबलचा फोटो एका फाइलमध्ये ठेवले आहेत. लेबलवर 3840 वॅट-तास हा आकडा स्पष्ट दिसतो.