जुनी कॅसेट आणि नव्या सह्या

ज्याने जे वाजवलंय, त्याची सही त्यावरच घ्यायची, हा माझा नियम. इंडस क्रीडच्या बाबतीत तो नीट सांभाळावा लागतो. १९८४ साली मुंबईत रॉक मशीन म्हणून सुरू झालेला हा बँड, १९९३ मध्ये त्याने नाव बदललं, १९९७ मध्ये तो फुटला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. पण सगळे जुने परतले नाहीत. गायक उदय बेनेगल, गिटारवाला महेश तिनईकर आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया हे तिघे जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे नवे.

माझ्याकडे त्यांच्या 'रॉक अँड रोल रेनेगेड' या अल्बमची १९८८ ची कॅसेट आहे. तेव्हा मालवणात असलं काही मिळायचं नाही. चतुर्थीला मुंबईहून आलेल्या मामाने ती आणली. घरात गणपती असेपर्यंत टेपवर आरत्या आणि भजनं, विसर्जन झालं की मग ही. आई विचारायची, "गातत काय बोंबलतत रे?" मामा तिला समजावायचा, की ही पोरं आपल्या मुंबईची आहेत आणि गाणी स्वतःची करतात, दुसऱ्यांची वाजवून दाखवत नाहीत. मला ते तेव्हाच पटलं होतं.

म्हणून या कॅसेटच्या इनले कार्डावर, म्हणजे डबीत घातलेल्या छापील कार्डावर, फक्त जुन्यांच्या सह्या. नव्या दोघांच्या सह्या 'इव्हॉल्व्ह'च्या, म्हणजे २०१२ च्या सीडीवर, तिथे मात्र पाचही जण एकत्र. रुशाद आणि जय यांचा मान त्यांच्या स्वतःच्या कामावरच राहतो, असं मला वाटतं.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे, त्यामुळे पेनांबद्दल सांगू शकतो. इनले कार्ड गुळगुळीत असतं. बॉलपेन त्यावर घसरतं, जेलची शाई बोट लागलं की पसरते. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या, त्याची शाई पटकन सुकते. कार्ड डबीतून आधीच काढून, उघडून, टणक पॅडवर ठेवून पुढे करा. कार्यक्रम संपवून दमलेल्या माणसाला डबीशी झटापट करायला लावू नये. टोपण काढून मार्कर हातात द्या. जुनं कार्ड समोर आलं की बोलायला वेगळं निमित्तही लागत नाही. सही झाली की लगेच घडी घालू नका.

खरा शत्रू आपला पावसाळा. जूनपासून कागदाला ओल धरते, मग तपकिरी ठिपके. लॅमिनेशन करू नका, गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कार्ड परत सुटत नाही. भिंतीवर फ्रेमही नको, उजेडाने शाई उडते. मी बटर पेपरमध्ये गुंडाळून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की बदलायच्या.

त्या कार्डावर काही जागा अजून मोकळ्या आहेत, त्यांत दोन अशा: बेसवाल्या मार्क सेल्विनची आणि ड्रम्सवाल्या मार्क मेनेझेसची. नव्या संचात ते नाहीत, त्यामुळे कार्यक्रमाला जाऊन त्या भरणार नाहीत. तिथे नव्यांच्या सह्या घे, असं मित्र सांगतात. ते मी करणार नाही.

आता शोध १९९० च्या 'द सेकंड कमिंग'च्या इनले कार्डाचा. माझ्याकडे नुसती कॅसेट आहे, कार्ड नाही. कुणाकडे जादा असेल तर कळवा. मुंबईत असेल तर कुडाळहून कोकणकन्या पकडून घ्यायला येईन.