कुडचडे ते कुळे : मीटरगेजच्या जुन्या मार्गाचा माग

गोव्यातील मुरगाव बंदरापासून कर्नाटकातील कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज लोहमार्ग नाहीसा झाला, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९९० च्या दशकात रुळांमधील अंतर १००० मिलिमीटरवरून १६७६ मिलिमीटर झाले, तेव्हा नवा मार्ग बहुतांशी जुन्याच भरावावरून नेण्यात आला. मात्र जेथे एखादे वळण सरळ करणे किंवा पूल नव्याने बांधणे भाग पडले, तेथे जुन्या मार्गाचे तुकडे बाजूला पडून राहिले आणि रानाने ते झाकून टाकले. हे तुकडे पाहण्यासाठी आम्ही काही स्नेही डिसेंबरात कुडचड्याहून कुळ्यापर्यंत रस्त्याने आणि पायवाटांनी फिरलो.

या मार्गाचे मूळ १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहात आहे. बंदर आणि रेल्वे उभारण्याचे काम लंडनच्या कंपनीकडे गेले, भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली, आणि १८८८ मध्ये गाडी घाट चढून ब्रिटिश हद्दीतील कॅसलरॉकला पोहोचली. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात कॅसलरॉकच्या बाजूनेही सत्याग्रही या रेल्वेमार्गाने गोव्यात शिरले होते; त्यानंतर भारत आणि गोवा यांच्यातील गाड्या थांबल्या त्या मुक्तीनंतरच पुन्हा धावल्या. गोव्यात राहणाऱ्या माणसाने हा मार्ग केवळ जुन्या लोखंडाच्या कुतूहलापोटी पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

आरंभ कुडचड्याला करावा. येथे रेल्वे जुवारी नदी ओलांडून सावर्ड्याच्या बाजूला जाते. रेल्वेच्या पुलावर पाऊल न ठेवता रस्त्याच्या पुलावरून किंवा काठावरून पाहणेच योग्य. कोणत्याही पुलाचा खांब खालून वर पाहत जावे : घडीव दगडांचे, पाण्याच्या दिशेने निमुळते होत गेलेले बांधकाम दिसले तर ते जुन्या काळाचे असण्याची शक्यता मोठी, आणि काँक्रीट दिसले तर ते अलीकडचे. मीटरगेजचे गर्डर, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळया, हलक्या गाड्यांसाठी असत, त्यामुळे रुंद मार्गाच्या जड मालगाड्यांसाठी ते चालण्यासारखे नव्हते. रुंद मार्ग होताना ठिकठिकाणी जुने गर्डर उतरवले गेले ते याच कारणाने.

आम्हांला सर्वाधिक समाधान मिळाले ते मात्र नदीवर नव्हे, तर काले स्टेशन सोडल्यावर एका लहानशा व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर. चालू मार्गापासून थोडे दूर, काजूच्या झाडांमागे, गर्डर नसलेल्या पुलाचे दोन्ही काठांवरील टेकू समोरासमोर उभे आहेत. त्यांतील एक पिंपळाच्या मुळांनी असा आवळला आहे की दगड मुळांनी धरले आहेत की मुळे दगडांनी, हे सांगणे कठीण. दुसरा मोकळा आहे. त्याच्या प्रत्येक दगडाच्या कडेने छिन्नीची बोटभर रुंद पट्टी सरळ काढलेली असून मधला भाग मुद्दाम खडबडीत ठेवला आहे. सांध्यांतील चुना आजही नखाने निघत नाही. माथ्यावर गर्डर टेकण्याच्या सपाट दगडांत बोल्टांची भोके आहेत आणि त्यांतून गंजाचे तांबूस ओघळ खाली उतरले आहेत. भोकांच्या दोन जोड्यांमधील अंतर आम्ही टेपने मोजले, तेव्हा तेथून किती अरुंद गाडी जात असे हे पुस्तकातील आकड्यांपेक्षा अधिक चांगले कळले.

तेथून जवळच कुंपणाला खांब म्हणून उभा पुरलेला रुळाचा एक तुकडा आहे. रुळाच्या पोटावर कारखान्याची अक्षरे आणि साल उठावाने असते. या तुकड्यावर १ आणि ८ हे आकडे बोटाला लागतात, पुढचे गंजाने खाल्ले आहेत. असे खांब पाहण्याची सवय ठेवावी. पूल सापडला नाही तरी रूळ सापडतोच. मात्र लोखंडाचा तुकडाही उचलू नये, कारण रेल्वेची मालमत्ता बाळगणे हा गुन्हा आहे.

कुळ्याच्या पुढे पायी जाण्याचा मोह आवरावा. तेथून कॅसलरॉकपर्यंतचा घाट सुमारे २६ किलोमीटरांचा असून चढ ३७ ला १ असा आहे, म्हणूनच आजही गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. रुळांवरून चालणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा मिळेलच असे नाही. शिवाय गोव्याच्या हद्दीतील हा भाग भगवान महावीर अभयारण्याचा आहे, तेव्हा रानात शिरायचे असल्यास मोले येथे वन खात्याकडे आधी विचारणा करावी. घाट पाहायचाच असेल तर वास्कोहून निघणाऱ्या गोवा एक्सप्रेसने लोंढ्यापर्यंत जावे. दूधसागर धबधब्यासमोरील पुलाच्या कमानी खिडकीतून उत्तम दिसतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात झुडपे इतकी वाढतात की भराव ओळखू येत नाही, आणि जळवांचा त्रास वेगळाच. पायांत उंच बूट, हातात काठी, जवळ टेप व छापील नकाशा असावा, कारण कुळ्याकडे फोनची रेंज भरवशाची नाही. बागायतीत शिरण्यापूर्वी घरच्यांना हाक मारून विचारावे. आम्ही विचारले तेव्हा एका वयस्क बागायतदारांनी नुसती परवानगीच दिली नाही, तर ‘पुढच्या वळणाला बघा, तिथे माती उंच दिसेल’ असे सांगून वाट दाखवली, आणि त्या उंच मातीवरूनच आम्ही व्हाळापर्यंत पोहोचलो. काले व कुळे येथे थांबणाऱ्या पॅसेंजर गाड्या मोजक्याच आहेत. परतीच्या गाडीची वेळ सकाळीच स्टेशनवर विचारून ठेवावी, आणि ती चुकल्यास कुडचड्याची बस केव्हा मिळेल हेही त्याच वेळी पाहावे.