बॉम्बला पेन्शन

कोल्हापूरच्या माणसानं उन्हाळ्याची तक्रार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात मात्र मी ते बोलून दाखवत नाही. एप्रिलच्या दुपारी गॅससमोर भाकरी थापणाऱ्या बाईपुढं असली मतं मांडायची नसतात. पण खरं सांगा, आपला उन्हाळा तो काय? पारा चाळिशीला टेकतो न टेकतो तोवर एखादा वळीव येऊन सगळं धुऊन काढतो. संध्याकाळी रंकाळ्यावरून वारं सुटतं. नळाला पाणी आलं नाही, तर त्याचा राग उन्हावर काढायचा, एवढंच.

माझी नोकरी फौजेत झाली, ई.एम.ई.मध्ये. म्हणजे गाड्या, तोफा, रणगाडे दुरुस्त करणारं खातं. त्यातले काही उन्हाळे जैसलमेर-बाडमेरच्या रेतीत गेले. तिथं उन्हात राहिलेला पाना अकरा वाजता उघड्या हातानं उचलला, की तळहातावर पान्याच्या नंबरासकट चटका उठायचा. म्हणून हत्यारं गोणपाटात गुंडाळून गाडीखाली सावलीत सरकवायची, आणि हवं ते हत्यार चाचपडून काढायची सवय करायची. मला आजही अंधारात सतराचा पाना आणि एकोणीसचा पाना बोटांनी ओळखता येतो. निवृत्तीनंतर या कौशल्याला गिऱ्हाईक नाही, ते सोडा. पिण्याच्या पाण्यासाठी गाडीला कॅनव्हासची छागल टांगलेली असायची. कापडातून पाणी झिरपायचं, त्यावरून लू वाहायची आणि आतलं पाणी गार व्हायचं. ज्या वाऱ्यानं आमची कातडी सोलवटायची, त्याच वाऱ्यानं पाणी निवायचं. फौजेत असे हिशेब फार असतात.

संध्याकाळी आम्ही काही पेन्शनर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जमतो. समोर म्हैस पिळली जाते, ग्लासभर धारोष्ण दूध फेसासकट पोटात जातं आणि मग राजकारण, गुडघे, सुना या क्रमानं विषय निघतात. तिथं दर मे महिन्यात कुणीतरी नवा गडी मला विचारतोच, "सुभेदार, तुम्ही राजस्थानात हुतासा म्हंजे बॉम्ब उडवला तवा तिथंच असणार की!" राजस्थानात नोकरी केलेला प्रत्येक फौजी पोखरणला बटण दाबून आलाय, अशी इथली पक्की समजूत आहे. 11 मे 1998 ला मी दुसऱ्याच राज्यात एका ट्रकचा गिअरबॉक्स उघडून बसलो होतो. बातमी मला रेडिओवर कळली, तुम्हाला कळली तशीच. पण हे सांगितलं की ऐकणाऱ्याचं तोंड उतरतं. त्यामुळं हल्ली मी नुसताच हसतो.

तरी पोखरणचं मला कौतुक आहे, आणि ते वर्कशॉपवाल्याचं कौतुक आहे. 58 इंजिनिअर रेजिमेंटच्या जवानांनी ते खोल शाफ्ट, म्हणजे बॉम्ब पुरायच्या विहिरी, तयार ठेवले, तेही अमेरिकेचे उपग्रह डोक्यावर फिरत असताना. काम मुख्यतः रात्री. उजाडायच्या आत सगळी अवजड यंत्रं जिथल्या तिथं परत उभी करायची, म्हणजे वरून बघणाऱ्याला वाटावं की हे धूड जागचं हललेलंच नाही. उपसलेल्या रेतीचे ढिगारेसुद्धा वाऱ्यानं घडवल्यासारखे दिसले पाहिजेत. शास्त्रज्ञ फौजी गणवेशात वावरत होते; कलामसाहेब तिथं 'मेजर जनरल पृथ्वीराज' होते. आणि एवढं सगळं झाल्यावर परीक्षेच्या दिवशी वाट कशाची बघितली? तर वारा पडायची. वारा पडला आणि दुपारी पावणेचारला जमीन हादरली. सगळे फिजिक्सच्या गोष्टी करतात, पण पहाटे अंधारात बुलडोझर आदल्या दिवशीच्याच जागी नेमका उभा करणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

माझ्या डोक्यात मात्र भलताच प्रश्न घोळतो. शस्त्र बनवायचं कसं हे शिकवायला मोठमोठ्या संस्था आहेत. ते म्हातारं झालं की करायचं काय? आमच्या खात्यात त्याची रीत होती. गाडी किती चालली, दुरुस्तीवर किती खर्च झाला, पुढं किती होईल हे लॉगबुकात बघायचं. बोर्ड बसायचं, अधिकारी गाडीभोवती एक फेरी मारायचे, सह्या व्हायच्या आणि गाडी कंडम. मग लिलाव. अशी लिलावातली जीप आपल्या उद्यमनगरात नवे पिस्टन चढवून वर्षानुवर्षं कारखान्याच्या रस्त्यावर धावताना मी बघितली आहे. रणगाडा निवृत्त झाला तर त्याला निदान चौकात उभं राहून पोरांना नळीवर बसवून घेण्याची नोकरी मिळते. बॉम्बचं काय?

या प्रश्नाचं उत्तर मला अवचित परदेशात भेटलं. मुलगी ॲरिझोनात, फिनिक्सला असते. 2023 च्या जुलैमध्ये आम्ही दोघं तिच्याकडं होतो. वाळवंटाची मला सवय आहे असं मी तिला ऐटीत सांगितलं होतं. त्या वर्षी फिनिक्समध्ये 30 जून ते 30 जुलै असे सलग 31 दिवस पारा रोज 43 अंशांच्या वर गेला. त्या शहराचाही तो विक्रमच. सौ. म्हणाल्या, "तुमचं राजस्थान बरं होतं, निदान तिथं मी नव्हते." एका शनिवारी जावयानं गाडी काढली आणि टक्सनच्या दक्षिणेला ग्रीन व्हॅली नावाच्या गावाजवळ नेलं. हे गाव मुळात निवृत्त लोकांसाठीच वसवलेलं. उन्हं चढायच्या आत गोल्फ आटपायचं आणि दिवसभर घरात गारव्याला बसायचं, असा तिथला दिनक्रम. आणि या पेन्शनरांच्या शेजारी जमिनीत उभं आहे आणखी एक पेन्शनर: टायटन-2 क्षेपणास्त्र. टक्सनभोवती अशी 18 होती. बाकीची ठिकाणं मोडली, हे एक संग्रहालय म्हणून ठेवलं.

वर ऊन मी म्हणत होतं, आणि जिना उतरून खाली गेलो तर अंगावर शिरशिरी आली. कारण चैन नव्हे. या क्षेपणास्त्रात भरायचं ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारं रसायन, 21 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून अख्खा सायलो, म्हणजे क्षेपणास्त्र उभं करायची ती विहीर, पंधरा-सोळा अंशांवर ठेवावा लागायचा. चार माणसांची तुकडी चोवीस तास ड्यूटीला. चाव्या दोन, आणि एकमेकींपासून इतक्या लांब की एकट्याला दोन्ही फिरवता येऊ नयेत. हुकूम आला की 58 सेकंदांत 31 मीटर उंचीचं ते प्रकरण आकाशात. टोकावर 9 मेगाटनचा बॉम्ब, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे 600 पट. आता त्याच्या नाकाडाला भोक पाडलंय आणि वरचं झाकण अर्धवट उघडं ठेवून अडवून टाकलंय. रशियाच्या उपग्रहांना दिसावं की बुवा, हा खरंच रिटायर झाला. मला पोखरण आठवलं. तिथं उपग्रहाला काही दिसू नये म्हणून जीव टाकायचा, इथं दिसावं म्हणून.

आमचा गाइडही पिकल्या केसांचा. याच जातीच्या क्षेपणास्त्राला 1980 च्या सप्टेंबरमध्ये आर्कान्सामधल्या दमास्कसजवळ काय झालं, ते त्याला विचारलं, कारण ही हकिकत मला आधीपासून माहीत होती. मेंटेनन्सच्या वेळी एका मेकॅनिकच्या पान्याचं जवळजवळ चार किलोचं सॉकेट निसटलं. प्लॅटफॉर्मच्या फटीतून खाली गेलं, आदळून उसळलं आणि इंधनाच्या टाकीला भोक पडलं. काही तासांनी पहाटे स्फोट झाला, एक जवान गेला, अनेक जखमी झाले. बॉम्ब उडून बाहेर चरात जाऊन पडला. फुटला नाही. अणुबॉम्बवर लिहिणारे लोक राष्ट्राध्यक्ष आणि लाल बटण यांच्याबद्दल लिहितात. हातातून सॉकेट सुटलं की ते खाली आदळेपर्यंत पोटात जो खड्डा पडतो, तो आमच्या वर्कशॉपमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. फक्त आमच्याकडं फार तर कुणाच्या तरी बुटावर पडायचं.

त्याच घराण्यातला, विमानातून टाकायचा एक बॉम्ब होता: बी-53. वजन साडेचार टनांच्या घरात. 1962 ला भरती, 1997 ला निवृत्त. पस्तीस वर्षांची नोकरी. पूर्ण पेन्शनला पात्र. पण तो खोलून सुटा करायला 2011 चा ऑक्टोबर उजाडला. टेक्सासमधल्या अमारिलोजवळ पँटेक्स नावाचा कारखाना आहे, तिथं शेवटचा बी-53 मोडला. उशिराची जी कारणं सांगितली गेली त्यातलं एक वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं: ज्या इंजिनिअरांनी तो बनवला ते निवृत्त झाले होते नाहीतर वारले होते. नवी हत्यारं, नवी पद्धत शोधून काढावी लागली.

याहून मोठी मजा फॉगबँकची. हा एक गुप्त पदार्थ, अमेरिकेच्या पाणबुडीवरच्या डब्ल्यू-76 बॉम्बमध्ये लागतो. 1989 पर्यंत बनवला, मग कारखाना बंद केला. पुढं जुन्या बॉम्बचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं, की तो करायचा कसा याची नोंद जवळजवळ नाही आणि जाणती माणसं नोकरी सोडून गेलेली. बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर केला, तर जमेना. शेवटी कळलं, की जुन्या मालात एक भेसळ राहून जायची आणि नेमकी तीच कामाची होती. नव्या पद्धतीत माल इतका स्वच्छ व्हायचा की तो बिघडायचा. माझ्या आईची कांदा-लसूण चटणी आमच्या घरात पुन्हा कुणाला जमली नाही, तिची वाटायची पद्धत कुणी लिहून घेतली नव्हती. पण तो फक्त आमच्या कुटुंबाचा प्रश्न आहे.

दर नोव्हेंबरला मी हयातीचा दाखला द्यायला जातो. यंत्रावर अंगठा टेकवायचा, पान्यांनी झिजलेला अंगठा पहिल्या फटक्यात उमटत नाही, साहेब म्हणतात परत टेकवा. बॉम्बलाही असा दाखला लागतो. अमेरिकेनं 1992 नंतर अणुचाचणी केलेली नाही, म्हणून तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख दर वर्षी लेखी कळवतात, की साठ्यातला माल अजून ठणठणीत आहे, न फोडता सांगतो आहोत. सिप्री ही स्टॉकहोमची संस्था जगातल्या शस्त्रांची मोजदाद ठेवते; तिच्या हिशेबानं जानेवारी 2025 ला जगात 12,241 अण्वस्त्रं होती. त्यातली 9,614 लष्करी साठ्यात, म्हणजे नोकरीत. उरलेली अडीच हजारांवर निवृत्त, खोलून घेण्याच्या रांगेत. आपली अंदाजे 180.

ती नसावीत असं मी म्हणणार नाही. दोन्ही अंगाला अण्वस्त्रधारी शेजारी असताना कट्ट्यावर बसून तसं म्हणणं सोपं आहे, सीमेवर बसून नाही. आपण आधी वापरणार नाही हे आपलं धोरण मला फौजी म्हणून पटतं. पण 11 मेच्या भाषणांत एखाद्यानं कंडम बोर्डाचीही चौकशी करावी, एवढी इच्छा आहे. कारण बाकी कुठलंही शस्त्र वितळवलं की संपतं. बॉम्बमधला प्लुटोनियमचा गोळा बाहेर काढून ठेवला तरी तो बसल्या जागी तापत राहतो, हाताला कोमट लागतो म्हणतात. त्यातलं निम्मं प्लुटोनियम विरायलाच 24 हजार वर्षं लागतात. असे हजारो गोळे त्या पँटेक्समध्ये ठेवलेले आहेत. एवढ्या वर्षांची पेन्शन कुठलं सरकार देणार?

युरेनियमच्या बाबतीत मात्र एकदा चांगली सोय झाली होती. 1993 मध्ये अमेरिका आणि रशियानं करार केला, आणि 2013 पर्यंत रशियाच्या मोडलेल्या बॉम्बमधल्या 500 टन युरेनियमची तीव्रता उतरवून ते अमेरिकेच्या अणुभट्ट्यांना विकलं गेलं. सुमारे 20 हजार बॉम्बचा माल. त्या काळात अमेरिकेतली दहा टक्के वीज त्यावर निघत होती. हे मला कळलं त्याच रात्री मुलीला फोन लावला. म्हटलं, "तू नवीन गेली होतीस ना, तेव्हा तिथले दहातला एक दिवा रशियाच्या बॉम्बवर जळत होता."

"दिव्याचं काय घेऊन बसलात बाबा," ती म्हणाली, "एसीचं या महिन्याचं बिल आलंय. रशियाला पाठवू का?"